मुद्दाम उघड्या कार्डावर

पौड, १९ जून १९८१

भाई,

सलाम. तुझं पत्र मिळालं. अडीच वर्षांनी तुला बहिणीची आठवण झाली, तीही तिला तोंड मिटून बस म्हणून सांगायला. आपल्या धाकट्या मुनीराचे युनूसमियाँ मनमाडला तुझ्याकडे येऊन गेले आणि त्यांनी काय तिखटमीठ लावलं ते अल्ला जाणे. म्हणून झालं ते आधी सरळ सांगते.

मला साखर आहे. गेल्या दिवाळीपासून. अम्मासारखीच. रोज सकाळी काचेची सुई उकळून मांडीत टोचून घेते, दोन घास खाते आणि शाळेत जाते. फ्रीज घरात नाही, औषधाची बाटली ओल्या वाळूत मडक्यात ठेवते. झालं, एवढंच. यात लपवण्यासारखं काय आहे ते मला शोधूनही सापडत नाही.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या गडबडीत सुई घेतली आणि खायचं राहून गेलं. चौथीच्या वर्गात फळ्यापुढे कोसळले. शाळेत शिपाई म्हणून सारजाबाई आहेत, त्या धावत आल्या. त्यांना वाटलं बाईला बाहेरची बाधा झाली. कुणी कांदा नाकाला लावला, कुणी चप्पल. शेवटी मुख्याध्यापकांच्या चहातली साखर तोंडात पडली तेव्हा शुद्धीवर आले. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सगळं सांगितलं. आता आमच्या वर्गात हजेरी झाली की मी विचारते, "बाई घामाने भिजल्या, भलतंच बोलायला लागल्या, तर काय करायचं?" अडतीस पोरं एका सुरात ओरडतात, "गूळ भरवायचा!" कपाटात गुळाचा डबा ठेवलाय. मी एकदाही आजारी न पडता तो दोनदा संपला, हा भाग वेगळा.

पालकांची सभा झाली. माले गावचे भिवाजी उभे राहिले. "बाई, ह्यो रोग आमच्या पोरीला लागंल का?" मी म्हटलं, "भिवाजी, हा आजार शेजारी बसून लागत नाही. रक्तातून उतरतो." ते म्हणाले, "मंग ठीक हाय. पन तुमी येवडं उघड कशापायी सांगताय?" मी म्हटलं, "लपवलं असतं तर त्या दिवशी तुमच्या पोरीपुढे मेले असते. ते चाललं असतं का?" भिवाजी खाली बसले.

तू लिहितोस, शमीमची नगरला बोलणी चालू आहेत, आत्याला साखर आहे हे कळलं तर सोयरीक मोडेल, म्हणून मी शाळेत सांगावं की ती नुसती चक्कर होती. पोरगी सतरा वर्षांची आहे रे. पण ते राहू दे. मी असं काही सांगणार नाही.

अम्मा गेल्यावर चाळीसाव्याला सगळ्या लोकांपुढे तू म्हणाला होतास, "तुझ्या सुयांनी अम्मा गेली." तेव्हा मी गप्प बसले. का बसले ते तुला ठाऊक आहे आणि मलाही. एकदा गप्प बसून झालं. आता नाही.

तुझी बहीण,
अमिना


पौड, १४ जुलै १९८१

भाई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहणार. तू फाडून टाक, पण फाडण्याआधी वाचशील हे मला माहीत आहे. लहानपणी माझी प्रगतिपुस्तकंसुद्धा तू आधी वाचून मग अब्बांपासून दडवायचास.

रोजे चालू आहेत. मी एकही धरलेला नाही. डॉक्टरांनी मनाई केलीय आणि धर्मातही आजाऱ्याला सूट आहे. शेजारच्या चाची म्हणाल्या, "निदान लोकांसमोर तरी खाऊ नकोस." मी ओट्यावर बसून भाकरी खाल्ली.

महिन्याभरापासून मला खोकला आहे. पावसाळी असेल, पण अम्माचा खोकला ऐकलेल्या माणसाला कुठलाच खोकला साधा वाटत नाही. म्हणून तपासून आले.

कासार आंबोलीला पुण्याच्या लोकांनी सुटीचे बंगले बांधलेत. त्यातल्या एका बंगल्यात डॉक्टर गुर्जर म्हणून बाई येतात. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं तुटक. पुण्याला एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत असतात. मार्चमध्ये आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या होत्या, मुलांना जंतांची अंडी दाखवायला. तेव्हाची ओळख. मी शनिवारी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सोमवारी पुण्याला बोलावलं, माझा बेडका घेतला, काचेवर पसरला, रंग दिला.

"क्षयाचे जंतू नाहीत," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बाई, बघायचंय?"

मी डोळा लावला. निळसर गोल पेशी, आणि त्यांच्या पोटात काळे ठिपके.

"या तुमच्या फुप्फुसातल्या भक्षक पेशी. वायुकोशांत राखण करतात. जे आत येईल ते गिळतात. ते काळं काय आहे ओळखा."

मला ओळखता येईना.

"चुलीचा धूर. तुमच्या आईच्या मांडीवर बसून घेतलेला धूरसुद्धा यात असेल."

भाई, चौथीच्या पुस्तकातले वायुकोश मी इतकी वर्षं द्राक्षाच्या घडासारखे फळ्यावर काढत आले. त्या द्राक्षांत कुणी राहतं, कुणी आपल्यासाठी धूर गिळत बसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी माझं रक्त घेतलं आणि त्यांच्या कारकुनाचंही. दोन्हींत मेलेलं यीस्ट घातलं, ते पावात घालतात तसं. अर्धा तास शरीराइतक्या उबेत ठेवलं. मग काचेवर शंभर शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या. कारकुनाच्या शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर पेशींनी यीस्ट गिळलं होतं. माझ्या छप्पन्न.

"तुम्ही सुई घेता म्हणून छप्पन्न तरी," बाई म्हणाल्या. "रक्तात साखर भरून राहिली की या पेशी आळसावतात. बोलावलं तरी उशिरा येतात. गिळलं तरी मारत नाहीत. क्षयाचा जंतू तर यांच्याच पोटात घर करून राहतो. फुप्फुसातल्यांचंही असंच होत असणार, असं आम्हाला वाटतं. नेमकं का, ते अजून पुरतं कळलेलं नाही." मग एका मेलेल्या साखरेच्या रोग्याच्या फुप्फुसाचा काप दाखवला. वायुकोशाची भिंत आणि रक्ताची केसासारखी नळी यांच्यामधला पडदा जाड झालेला. कांद्याच्या पापुद्र्याचं घोंगडं झालं तर हवा पलीकडे जाणार कशी?

मला अम्माचं उशांना टेकून बसणं आठवलं. मी विचारलं, "आमच्या आईने क्षयाची औषधं सात महिने घेतली. एक दिवस चुकवला नाही. तरी ती का गेली?"

"त्यांना साखर होती?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात कारकून चहा घेऊन आला. मी चहा घेतला आणि उत्तर द्यायचं टाळलं.

अमिना


पौड, ५ ऑगस्ट १९८१

भाई,

ईद झाली. मुनीरा आली होती. तिच्याकडून कळलं ते लिहिते आणि मग बाकीचं लिहिते.

ती म्हणाली, शमीम वाळून काडी झालीय. मनगटातल्या बांगड्या दोऱ्याने बांधून ठेवते. तहान इतकी की सकाळी भरलेला माठ दुपारी रिकामा. लघवीला सारखी जाते. दोन महिने खोकतेय, संध्याकाळी अंग गरम. आणि तू तिला बाजारातल्या कंपाउंडरकडून खोकल्याचं लाल औषध आणून देतोस. भाभी दवाखान्यात नेऊ म्हणाली तर तू म्हणालास, "लग्नानंतर बघू."

भाई, हे सगळं आपण दोघांनी एकदा पाहिलेलं आहे. तहान पाहिलीय, खोकलाही. तुला कळत नाही असं मी मानणार नाही.

आता ते लिहिते, जे त्या दिवशी चहाच्या कपाआड दडवलं.

जून अठ्ठ्याहत्तर. अम्माचा फोटो काढून झाला होता, छातीवर डाग निघाला होता. दवाखान्यात खिडकीमागच्या माणसाने कागद पुढे केला आणि विचारलं, "आणखी कुठला आजार? साखर, दमा?" तू माझ्याकडे बघितलंस. आदल्या दिवशीच तू मला समजावलं होतंस की युनूसच्या घरचे मुनीराला बघून गेलेत, खोकला खोकला म्हणून खपून जाईल, पण साखर घराण्यात उतरते, ती कळता कामा नये. तू नुसतं बघितलंस. "नाही" मी म्हटलं. अंगठा अम्माचा, पण कागद मी भरला. शिकलेली मी होते.

मग सकाळची साखरेची सुई द्यायला कंपाउंडर घरी यायचा, त्याला आपण बंद केलं, का तर गल्ली बघते. क्षयाची सुई चालू, साखरेची बंद. कारल्याचा रस चालू. अम्मा विचारायची, "आमे, ती सकाळची सुई का गं थांबवली?" मी म्हणायचे, "डॉक्टरांनीच सांगितलं."

ती माझ्यावर विश्वास ठेवून गेली. औषध जंतूंना मारत होतं, पण आतल्या राखणदारांना आपणच साखरेत बुडवून ठेवलं होतं. सुयांनी नाही गेली अम्मा. एक सुई आपण काढून घेतली म्हणून गेली. तू सांगितलंस आणि मी केलं. आणि चाळीसाव्याला तू खोटं बोललास तेव्हा मी गप्प राहिले, कारण तुझं खोटं मला माझ्या खऱ्यापेक्षा सोपं वाटलं.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही. तू मागू नकोस. माफ करणारी कब्रस्तानात आहे.

पण शमीम जिवंत आहे. औषधाच्या दुकानात बेनेडिक्टचं निळं पाणी मिळतं. एक चमचा नळीत घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवी, आणि उकळायचं. निळं राहिलं तर मी खोटी, हवं तर मला जन्मभर तोंड दाखवू नकोस. विटकरी झालं तर त्याच दिवशी तिला दवाखान्यात ने, आणि खिडकीतल्या माणसाला दोन्ही गोष्टी सांग.

पंधरा दिवस वाट बघते.

अमिना


पौड, २० ऑगस्ट १९८१

भाई,

पंधरा दिवस झाले. हे मुद्दाम उघड्या कार्डावर लिहितेय. आमच्या पोस्टातले वाचोत, तुझ्या रेल्वे वसाहतीतला पोस्टमन वाचो, तुझे शेजारी वाचोत. आमच्या अम्माला, नूरजहाँ बाबालाल यांना, साखर होती. मला आहे. तुझ्या मुलीला असावी असा मला संशय आहे, आणि छातीचा आजारही. पुढच्या आठवड्यात मी येतेय. दार लावून घेतलंस तर दारात बसून हेच मोठ्याने वाचेन. आवाज शाळामास्तरणीचा आहे, लांबवर जातो.

अमिना


पुणे, ३१ ऑगस्ट १९८१

भाई,

"माझी पोर चोरून नेली" अशी तार तू युनूसमियाँना केलीस म्हणे. तू वर्कशॉपमध्ये होतास, तेव्हा तुझ्या घरात काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळू दे. भाभीला विचारून तिला छळू नकोस.

मी गुरुवारी सकाळी दहाला पोचले. भाभीने दार उघडलं आणि माझ्या हातातली पिशवी बघून तोंडाला पदर लावला. आत शमीम खाटेवर बसून गहू निवडत होती. मला बघून हसली. भाई, तिच्या गालांची हाडं हसली, पोरगी हसली नाही.

मी म्हटलं, "शमीम, मला तुझी लघवी तपासायची आहे. तुझ्या अब्बांना आवडणार नाही."

ती म्हणाली, "फुफी, तुझं कार्ड पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. मी सात वेळा वाचलंय. तुझी वाटच बघत होते."

स्टोव्ह पेटवला. भाभी दाराशी पहाऱ्याला उभी. निळं पाणी उकळताना आधी हिरवं झालं, मग पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं लाल. मग भाभी एकदम म्हणाली, "मला माहीत होतं. अंगणात मोरीपाशी मुंग्या लागतात." सहा महिने ती बाई मुंग्या बघत होती आणि तुला सांगायची तिची छाती झाली नव्हती.

मी शमीमला सांगितलं, "पुण्याला ओळखीच्या डॉक्टर आहेत. पण तू आलीस तर नगरची सोयरीक जाईल. अब्बा चिडतील. मी तुला ओढून नेणार नाही. तू लहान नाहीस, तूच सांग."

तिने गव्हाचं सूप बाजूला ठेवलं. "दादीजान गेल्या तेव्हा मी चौदा वर्षांची होते. शेवटच्या महिन्यात मी त्यांच्याजवळ होते. मला तसं मरायचं नाही, फुफी. मी येते."

भाभीने तिच्या हातात स्वतःची शाल दिली. दोन महिन्यांनी तुला घ्यायला येईन म्हणाली. दुपारच्या गाडीने आम्ही निघालो. चोरून नाही. तुझ्या शेजारणींनी विचारलं कुठे, तर शमीमनेच सांगितलं, "दवाखान्यात. मला साखर आहे."

डॉक्टर गुर्जरांनी दुसऱ्या दिवशीच भरती करवली. रक्तात साखर चारशेच्या वर. छातीच्या फोटोत उजवीकडे वर डाग, आणि बेडक्यात जंतू. होय, क्षय आहे. लवकर सापडला, असं म्हणतात. आणखी तीन महिने, लग्नाच्या धामधुमीत, आणि मग फार उशीर झाला असता. साखरेची सुई रोज दोनदा, क्षयाची सुई आणि गोळ्या दीड वर्ष. दोन्ही बरोबरीने.

बाईंनी तिच्याही पांढऱ्या पेशी मोजल्या. शंभरातल्या एकतीस. शमीमने विचारलं, "बाकीच्या एकोणसत्तर काय करत होत्या?" बाई कधी हसत नाहीत, त्या हसल्या. "साखरेच्या पाकात पडून होत्या. त्यांना उठवायचंय आपल्याला."

नगरच्या लोकांना मी पत्र लिहिलेलं नाही. तू मनात आणशील म्हणून सांगते. शमीमने लिहिलं, खाटेवर बसून. मी फक्त तिकीट लावलं.

पोलिसात जायचं तर जा. डॉक्टरांचे कागद माझ्याकडे आहेत आणि तुझी मुलगी बोलू शकते.

अमिना


पौड, २२ नोव्हेंबर १९८१

भाई,

तू पोलिसात गेला नाहीस, दवाखान्यातही आला नाहीस. भाभी मात्र बोलल्याप्रमाणे आली. तुला काय सांगून आली ते मी विचारलं नाही. आता इथेच आहे, शमीमला सुई द्यायला शिकली. पहिल्या दिवशी सुई इतकी बाजूला गेली की शमीम म्हणाली, "अम्मी, मला टोच, गादीला नको."

शमीम माझ्याकडे पौडला आहे. वजन सात किलो वाढलं. नगरहून नकार आला, दोन ओळींचा. पोरगी दोन दिवस रडली. तिने मुलाचा फोटो पाहिला होता आणि तिला तो आवडला होता, हे मला तेव्हा कळलं. हे माझ्यामुळे झालं असं तुला म्हणायचं असेल तर म्हण. मी नाकारणार नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा हेच करीन. तिसऱ्या दिवशी तिने डोळे पुसले आणि विचारलं, "फुफी, बाहेरून दहावीला बसता येतं का?"

गल्लीत सुरुवातीला त्रास झाला. सार्वजनिक नळावर धोंडाबाईंनी तिची कळशी बाजूला सारली. क्षयवाल्यांनी दुसरीकडे भरावं म्हणाल्या. मी शाळेत होते. शमीम रिकामी कळशी घेऊन परत येत होती, तेव्हा सारजाबाईंनी तिला हाताला धरून परत नळावर नेलं आणि म्हणाल्या, "धोंडे, हिच्या थुंकीत आता किडं न्हाईत. दाक्तरीनबाईनी काचंवर बगितलंय. तुज्या नवऱ्याच्या थुंकीत काय हाय ते कुनी बगितलंय का? लई खोकतोय त्यो." धोंडाबाईंनी कळशी भरू दिली. पुढच्या सोमवारी त्या नवऱ्याला घेऊन माझ्याबरोबर पुण्याला आल्या. त्याला क्षय नव्हता, दमा निघाला. पण आल्या.

सारजाबाई खरंच बोलल्या होत्या. ऑक्टोबरअखेरच्या तपासणीत जंतू निघाले नाहीत. आणि पेशी पुन्हा मोजल्या. एकतीसच्या चौसष्ट झाल्या. डॉक्टर बाईंनी आकडा वहीत लिहिला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "दोन महिन्यांत. नुसती साखर आटोक्यात ठेवून." स्वतःशीच बोलल्यासारखं. मग माझ्याकडे वळल्या. "त्या दिवशी तुम्ही आईबद्दल विचारलं होतं. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत."

मी दिलं. सगळं, खिडकी, कागद, कारल्याचा रस. त्या ऐकत राहिल्या. दिलासा दिला नाही. "असे खूप येतात," एवढंच म्हणाल्या. "एका खिडकीवर एक आजार सांगतात, दुसऱ्यावर दुसरा. तुम्ही शिक्षिका आहात, बोलता येतं. दर महिन्याला एक दिवस इथे येऊन रांगेतल्या लोकांशी बोलाल?"

मी महिन्याच्या पहिल्या शनिवारी जाते. रांगेत उभ्या बायकांना विचारते, "मावशी, तहान फार लागते का? लाजू नका, मलाही साखर आहे." आणि अम्माची गोष्ट सांगते. नावानिशी. तुझं नाव घेत नाही. ते तुझ्यावर सोडलंय.

अमिना


पौड, ७ फेब्रुवारी १९८२

भाई,

तुझं पत्र काल आलं. पाच ओळी. मी त्या भाभीला वाचून दाखवल्या आणि शमीमलाही. तू 'कुणाला दाखवू नकोस' लिहिलं होतंस, तरीही. या घरात आता तसं चालत नाही.

सहा वर्षं! शहात्तर साली रेल्वेच्या डॉक्टरने तुला साखर सांगितली आणि तू बाहेरच्या बाहेर गोळ्या घेत राहिलास, मन झालं की घेतल्यास, नाहीतर नाही. फिटरची नोकरी जाईल म्हणून. म्हणजे त्या खिडकीपाशी तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा अम्माबरोबर स्वतःलाही झाकत होतास. मी रात्रभर तुझ्यावर इतकी संतापले की सकाळी सुई भाभीलाच द्यावी लागली.

आता लिहितोस की पाय बधिर झालेत, संध्याकाळी ताप येतो, महिनाभर खोकला आहे, "आणि आमे, मला भीती वाटते."

वाटू दे. मलाही वाटते. शमीमला अजूनही एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत शिरताना वाटते. भीती वाटली म्हणून काही थांबायचं नसतं एवढंच आम्ही तिघी इथे शिकलो.

तुझी नोकरी जाणार नाही असं मी म्हणत नाही. कदाचित हलकं काम देतील. पण मेलेल्या फिटरला रेल्वे ठेवून घेत नाही, हे नक्की.

डॉक्टर गुर्जरांशी बोलले. मंगळवारी, सोळाला, सकाळी नऊला बोलावलंय. सोमवारच्या गाडीत बस. पुण्याला स्टेशनवर शमीम येईल. मी नको म्हटलं, ती ऐकत नाही, अब्बांना मीच आणणार म्हणते. तिच्याशी काय बोलायचं याचा गाडीत विचार करत बसू नकोस. तिने तुझ्या तपासण्यांची यादी करून ठेवलीय, तीच बोलेल. तोंडावर रुमाल धर, लोकांत खोकू नकोस.

माझं तुझ्याशी भांडण आहे आणि ते मोठं आहे. ते मला दवाखान्यातल्या खाटेपाशी करायचं नाही. तू धडधाकट होऊन माझ्या ओट्यावर बसशील, तेव्हा करीन. त्यासाठी तुला जगावं लागेल.

सोमवारी रात्रीनंतर काही खाऊ नकोस. रक्त उपाशीपोटी घेतात.

अमिना